जुन्या वृत्तपत्रांची मुक्त दप्तरे : एक परीक्षण

इतिहासाच्या साधनांची प्रतवारी लावताना अस्सल पत्र प्रथम, समकालीन टिपण त्याखाली आणि बखर त्याहून खाली, असा क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे. ह्या क्रमात वृत्तपत्रास कोणते स्थान द्यावयाचे, ह्याचा निर्णय मात्र आपल्या मंडळींनी आस्थेने केलेला दिसत नाही. पोथी मिळाली तर ती रुमालात बांधून ठेवावयाची, ताम्रपट मिळाला तर त्याचे ठसे घ्यावयाचे, आणि माळ्यावर जुन्या वृत्तपत्रांचा गठ्ठा मिळाला तर तो वाण्याकडे पुड्या बांधावयास द्यावयाचा, ही रीत पुष्कळ सुशिक्षित घरांतही चालत आली. अलीकडे काही विद्यापीठांनी व ग्रंथालयांनी जुन्या वृत्तपत्रांच्या छायाप्रती आंतरजालावर कोणासही विनामूल्य पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. ही दप्तरे संशोधकास खरोखर काय देतात, काय देत नाहीत, आणि त्यांच्यापासून आपण काय घ्यावे, ह्याचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. परीक्षेसाठी कसोटीचा दगड म्हणून एकच लहानसे स्थळ घेतो. ते म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड.

शास्त्री नदीच्या मुखाशी, खाडीच्या दक्षिण तीरावर उभा असलेला हा किल्ला आमच्या वाचकांस नवा नाही. विजापूरकरांचा अंमल, संगमेश्वरच्या नायकांचा ताबा, पुढे बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे ह्यांच्यातील तहाने आंग्र्यांकडे झालेले हस्तांतर, आणि इ. स. १८१८ साली इंग्रजांच्या हाती जाणे, ही परंपरा सर्वश्रुत आहे. ह्या प्रत्येक टप्प्यासाठी कागद धुंडाळणारे लोक झाले व आजही आहेत. परंतु १८१८ नंतरच्या जयगडाचे काय? किल्ला लष्करी दृष्ट्या निकामी झाला म्हणून बंदर काही ओस पडले नाही. त्याच बंदरातून जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. आगबोटींच्या काळी पडावात बसून बोटीवर चढली. १८९६ साली मुंबईस प्लेग उद्भवला तेव्हा कोकणातील गिरणीकामगार ज्या किनाऱ्यास परतले, त्यातलाच हा एक तुकडा. किल्लेदारांची यादी आपणांस पाठ, परंतु शेकडो कुटुंबांच्या ह्या येण्याजाण्याचा वृत्तान्त आपल्यापाशी नाही. दर्यावर्दी, खलाशी, भंडारी, दालदी, खारवी ह्यांची पत्रे कोणी रुमालात बांधून ठेवली नाहीत.

१८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात रत्नागिरी जिल्ह्याचे वर्णन आहे व त्यात जयगडही आहे. ते वर्णन उपयुक्त आहे, पण ते सरकारच्या गरजेसाठी, सरकारी अधिकाऱ्यांच्या माहितीवरून, एका विशिष्ट काळी केलेले आहे. वर्षामागून वर्ष काय घडत गेले, हे त्यावरून कळणार नाही. पेशवाईपुरती जशी शकावली असते, तशी इंग्रजी अमलातील बंदराची शकावली कोठे असेल, तर ती वृत्तपत्रांतच असावयाची. १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात 'जयंती' व 'तुकाराम' ह्या आगबोटी एकाच वादळात बुडाल्या. १९४७ च्या १७ जुलै रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली. अशा प्रसंगी कोण गेले, कोण वाचले, कोणत्या गावचे किती होते, हे कोणत्या बखरीत शोधावयाचे?

तेव्हा प्रश्न असा की, ही साधने आज कोणत्या स्थितीत आहेत. प्रथम बाहेरचे एक उदाहरण घेऊ. कारण ते आपल्या किनाऱ्याशी पुष्कळ मिळतेजुळते आहे. सिंगापूर येथे १८८१ च्या डिसेंबरात सी यू ले नामक चिनी गृहस्थाने 'लॅट पाउ' हे चिनी भाषेतील दैनिक काढले. ह्या नावातील 'लॅट' हा शब्द मलाई भाषेतील सामुद्रधुनीवाचक शब्दापासून आला, म्हणजे पत्राचे नावच बंदरावरून पडले. येह ची युन ह्यांनी सुमारे ४० वर्षे त्याचे संपादन केले, आणि १९३२ साली ते बंद पडले. मायभूमीपासून दूर, परक्यांच्या राज्यात, व्यापाराच्या व मजुरीच्या निमित्ताने जमलेल्या समाजाचे हे पत्र होय. त्या समाजाच्या हातून दप्तरे राखली जाण्याचा संभव थोडाच होता. त्याचे दप्तर म्हणजे हे दैनिक. ह्या पत्राच्या उपलब्ध अंकांची पाने सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयाने छायाप्रतींच्या रूपाने सर्वांस विनामूल्य खुली केली आहेत.

ह्या संग्रहाचा आमच्या मते सर्वांत मोठा गुण त्यातील पानांची संख्या हा नव्हे. तो संग्रह १८८७ च्या ऑगस्टपासून सुरू होतो व १९३२ च्या मार्चअखेर संपतो. म्हणजे पत्राच्या आरंभीची साडेपाच वर्षांहून अधिक काळाची संचिका त्यात नाही; ती नष्ट झाली असे मानूनच अभ्यासकांना चालावे लागते. १९६७ साली चेन माँग हॉक ह्यांनी सिंगापूरच्या आद्य चिनी वृत्तपत्रांवर ग्रंथ लिहिला, त्याचा काळ १८८१ पासून धरला आहे; परंतु पहिल्या वर्षांसाठी त्यांस इतर साधनांकडेच वळावे लागणे अपरिहार्य होते. ह्यात दोष संग्रहाचा नाही. उलट, कोठून कोठवर अंक आहेत हे उघड असल्यामुळे वाचक फसत नाही. पत्राचा जन्म १८८१ चा व संग्रहाचा आरंभ १८८७ चा, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की, मधली पोकळी आपोआप बोलू लागते. पोथीची खंडित पत्रे मोजून मगच तिचे वर्णन करावयाचे, हा आपल्या हस्तलिखितसंग्राहकांचा नियम आहे. तोच नियम वृत्तपत्रांस लावला म्हणजे काय होते, ह्याचा हा नमुना होय.

आता स्वदेशाकडे वळू. मराठी वृत्तपत्रांचा आरंभ १८३२ च्या ६ जानेवारीस मुंबईत 'दर्पण' निघाले तेथून धरतात. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, म्हणजे कोकणचेच. पत्र इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत छापले जाई, आणि १८४० साली ते बंद पडले. गणेश गंगाधर जांभेकर ह्यांनी १९५० साली बाळशास्त्र्यांचे चरित्र व लेखन तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांच्या परिश्रमाचे ऋण मराठी वाचकांवर मोठे आहे. तथापि निवडलेले लेख म्हणजे वृत्तपत्र नव्हे. लेखाच्या शेजारी कोणती बातमी होती, खाली कोणती जाहिरात होती, कोणत्या अंकात काही छापावयास जागा उरली नाही, हे निवडीतून नाहीसे होते. इतिहासकारास पुष्कळदा जे हवे असते ते संपादकाने क्षुल्लक म्हणून गाळलेले असते. बंदरात बोट केव्हा लागेल ह्याची दोन ओळींची जाहिरात कोणी निवडक लेखांत घेणार नाही; परंतु जयगडाच्या इतिहासास तीच अग्रलेखाहून मोलाची आहे.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था ही १९३० साली स्थापन झाली व १९९३ पासून अभिमत विद्यापीठ आहे. धनंजयराव गाडगीळ ह्यांचे नाव धारण करणाऱ्या तिच्या ग्रंथालयाने जुन्या ग्रंथांचे व नियतकालिकांचे मोठे मुक्त दप्तर उभारले आहे. भारत सेवक समाजाचे 'सर्व्हंट ऑफ इंडिया' हे १९१८ ते १९३९ पर्यंत चाललेले इंग्रजी साप्ताहिक त्यात वाचावयास मिळते. जयगडासारख्या ठिकाणी बसलेल्या अभ्यासकास पूर्वी ह्या एका साप्ताहिकासाठी पुण्यास जाऊन बिऱ्हाड करावे लागले असते. आज ते लागत नाही. हा उपकार लहान नव्हे, व तो निःसंकोचपणे मान्य केला पाहिजे. परंतु हे पत्र पुण्याचे, भाषा इंग्रजी, विषय अखिल हिंदुस्थानचे राजकारण व अर्थकारण. त्यात कोकणचा प्रश्न आला तर तो पुण्याच्या खिडकीतून दिसेल तसा यावयाचा. किनाऱ्याने स्वतःविषयी काय म्हटले, ते ऐकावयाचे तर रत्नागिरीतच छापलेली पत्रे पाहिजेत.

अशी पत्रे होती. रत्नागिरीस 'जगन्मित्र' निघत असे. १८७१ पासून 'सत्यशोधक' साप्ताहिक निघू लागले. नावाच्या सारखेपणामुळे त्याचा संबंध ज्योतीराव फुल्यांच्या १८७३ मधील सत्यशोधक समाजाशी लावण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. 'लॅट पाउ'प्रमाणे ह्या पत्रांची दिनांकवार, सलग, खंड कोठे पडला आहे हे सांगणारी मुक्त संचिका आमच्या पाहण्यात आलेली नाही. अभ्यासकांच्या लेखनात ह्या पत्रांचे जे उतारे वारंवार आढळतात, ते बहुतेक एकाच झऱ्याचे असतात. तो झरा म्हणजे देशी वृत्तपत्रांवरील सरकारी साप्ताहिक गोषवारे.

ह्या गोषवाऱ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. मुंबई सरकारने देशी भाषांतील पत्रांवर लक्ष ठेवण्यासाठी एक अधिकारी नेमला होता. तो व त्याचे दुय्यम दर आठवड्यास पत्रे वाचून, सरकारास दखलपात्र वाटतील असे मजकूर इंग्रजीत उतरवून गुप्तपणे छापीत. प्रत्येक गोषवाऱ्याबरोबर पत्रांची यादी असे. तीत पत्राचे नाव, ठिकाण, ते साप्ताहिक की मासिक, आणि त्याच्या किती प्रती निघतात, हे दिलेले असे. ह्या याद्यांचे मोल वादातीत आहे. पुष्कळ पत्रे अस्तित्वात होती हे आज केवळ त्यांवरूनच सिद्ध करता येते. परंतु मजकुराच्या बाबतीत हे गोषवारे म्हणजे साक्षीदाराची जबानी नसून, साक्षीदाराने काय सांगितले ह्याविषयी शिपायाने केलेली नोंद होय. ज्या मजकुराने सरकारचे कान टवकारले तो त्यात आला, बाकीचा गळला. म्हणून गोषवारे वाचणाऱ्यास वाटते की, रत्नागिरीचे लोक आठवड्याचे सातही दिवस मामलेदाराच्या तक्रारी करीत होते. ते भातही पिकवीत होते, नाटकेही करीत होते, होड्याही बांधीत होते. ते भाषांतरकाराच्या कामाचे नव्हते.

एक उदाहरण पुरे होईल. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीस नजरकैदेत होता. त्याच्याविषयीचा सरकारी पत्रव्यवहार विपुल आहे व त्यावर ग्रंथ झाले आहेत. परंतु ३० वर्षे जो राजा आपल्या गावात राहिला, त्याजकडे गावाने कोणत्या दृष्टीने पाहिले, बाजारात त्याच्या घरच्या खरेदीची चर्चा कशी होई, हे सरकारी अहवाल सांगणार नाहीत. त्याचा शोध रत्नागिरीच्या पत्रांच्या मूळ अंकांतच घ्यावा लागेल. मूळ अंकाच्या जागी गोषवारा स्वीकारणे म्हणजे अस्सल पत्र सोडून त्याचा परकीय भाषेतील सारांश साधन म्हणून छापणे होय. पेशवाईच्या कागदांच्या बाबतीत हे आपण एक दिवसही चालू दिले नसते.

मूळ अंक इतके दुर्मिळ का झाले, ह्याचे एक कारण कायद्यात आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात दाखल करावयास लावल्या व त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. म्हणून त्या काळातील पुस्तकांचा माग आपणांस लागतो. सार्वजनिक ग्रंथालयांस पुस्तके देण्याच्या १९५४ च्या कायद्यात वृत्तपत्रांचा समावेश मात्र १९५६ साली झाला. तोपर्यंत जिल्ह्याच्या गावी निघणारे शेदोनशे प्रतींचे साप्ताहिक जतन करून ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही ग्रंथालयावर कायद्याने नव्हती. ते टिकले असेल तर छापखान्याच्या मालकाच्या घरी, एखाद्या वकिलाच्या माळ्यावर, किंवा जुन्या नगरवाचनालयाच्या कपाटात. म्हणजे हा प्रश्न फिरून आमच्या वाचकांपाशीच येऊन पोहोचतो. कारण असे गठ्ठे ज्यांच्या हाती येतात ते संग्राहक ह्या पृष्ठांचे वाचक आहेत.

संग्राहकांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे, व ते अगदीच निराधार नाही. छायाप्रत सर्वांस फुकट मिळू लागली म्हणजे मूळ गठ्ठ्याची किंमत जाते, असे एक म्हणणे. दुसरे असे की, छायाप्रत झाली म्हणजे मूळ कागदाकडे कोणी पाहत नाही व तो पुन्हा रद्दीत जातो. पहिल्यास उत्तर असे की, छापून प्रसिद्ध झालेल्या पत्राची अस्सल प्रत कोणी फेकून देत नाही. उलट प्रसिद्धीनेच तिचे मोल वाढते. दुसरे भय मात्र खरे आहे. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडील अमेरिकन वृत्तपत्रांच्या मूळ बांधीव संचिका, सूक्ष्मपट हाती असल्यामुळे, काढून टाकावयास घेतल्या. निकल्सन बेकर ह्या अमेरिकन लेखकाने त्यांतील पुष्कळ स्वतः खटपट करून विकत घेतल्या, २००१ साली 'डबल फोल्ड' हा ग्रंथ लिहून ह्या प्रकारावर कडक टीका केली, आणि २००४ साली तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे सुपूर्द केला. सूक्ष्मपटात रंगीत पुरवण्या काळ्या पडल्या होत्या, कडा कापल्या गेल्या होत्या. तात्पर्य, छायाप्रत ही मुळाची चाकर आहे. तिला मालकीण करू नये. आपल्याकडील अंकाच्या समासात वर्गणीदाराने शाईने लिहिलेली टीप, टपालाचा शिक्का, कागदाची जात, घडीच्या खुणा, ह्या गोष्टी संग्राहकाच्या हातीच राहाव्यात, हेच योग्य.

आता शोधाच्या सोयीविषयी. यंत्राने अक्षरे ओळखून हवा तो शब्द क्षणात दाखवावा, ही सोय इंग्रजी पत्रांच्या बाबतीत बरीच साधली आहे. जुन्या मराठी छपाईत ती तितकी विश्वासाची नाही. शिळाछापातील अक्षर हस्ताक्षरासारखे वळते. खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे तुटक बसतात. अनुस्वार आज जेथे नाही तेथे असतो, आणि झिजलेल्या खिळ्यामुळे जेथे असावयाचा तेथे नसतो. त्यात स्थलनामांचा घोळ. आमचे 'जयगड' कोठे 'जयगढ', कोठे 'जैगड' म्हणून येते. इंग्रज दर्यावर्द्यांच्या लेखनात तेच 'झायघर'सारख्या रूपाने भेटते. जो आजच्या एका रूपाने शोध घेईल व काही मिळाले नाही म्हणून काही नव्हतेच असा निर्णय करील, तो इतिहास लिहीत नसून यंत्राचे अज्ञान उतरवून घेत आहे. म्हणून प्रत्येक दप्तराबरोबर त्या त्या प्रदेशातील स्थलनामांच्या रूपभेदांची यादी असणे अगत्याचे आहे. हे काम यंत्राचे नव्हे. गाव, वाडी व खाडी ओळखणाऱ्या माणसाचे आहे.

एकंदरीत आमचा अभिप्राय असा. मुक्त दप्तरे ही आपल्या काळाची मोठी देणगी आहेत. परंतु जे एकदा राखले गेले तेच त्यांना उघडे करता येते. राजधानीची पत्रे, संस्थांची पत्रे व सरकारचे गोषवारे राखले गेले, म्हणून तीच आज सुलभ झाली. आणि जे सुलभ तेच उद्या प्रमाण मानले जाईल. ह्यात मोठा धोका आहे. ज्या जयगडाचा मध्ययुगीन इतिहास आपण इतक्या कष्टाने सांधला, त्याचा गेल्या २०० वर्षांचा इतिहास पुणे-मुंबईच्या वर्तमानपत्रांतील दोन ओळींवर व परकीय भाषांतरकाराच्या टिपणावर लिहिला जाईल. आज त्या खाडीच्या तोंडाशी औष्णिक वीज केंद्र व मोठे मालवाहू बंदर उभे राहिले आहे. किनाऱ्याचे रूप पालटले, तेथे पूर्वी काय होते हे सांगणारी माणसे थोडी उरली. अशा वेळी कागदावाचून दुसरा आधार नाही.

ह्यास्तव आमची सूचना अशी आहे. शं. ग. दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे ह्यांनी तयार केलेली मराठी नियतकालिकांची सूची हा पाया धरून, तीवर एक अंकवार पट बांधावा. आरंभ रत्नागिरी जिल्ह्यातील पत्रांपासून व्हावा. ज्यांच्यापाशी एक अंक असेल त्यांनी एक, व ज्यांच्यापाशी गठ्ठा असेल त्यांनी गठ्ठा उलगडून पाहावा, आणि पत्राचे नाव, वर्ष व अंक, छापलेली तिथी व तारीख, पाने किती, फाटके की धड, पुरवणी आहे की नाही, इतके लिहून कळवावे. प्रत द्यावयाची नाही, विकावयाची नाही. केवळ ती आहे एवढे सांगावयाचे. जो अंक कोणापाशीच नाही, त्याच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. कारण नाही म्हणून लिहिलेली नोंदही पुढच्या शोधकास दिशा दाखविते. पट तयार झाला म्हणजे छायाप्रती घेण्याचे काम कोणतेही विद्यापीठ करू शकेल. पटावाचून घेतलेल्या छायाप्रती म्हणजे पृष्ठांक नसलेली पोथी होय. कागद वाळवीच्या आधी आपल्या नजरेस पडावा, इतक्या त्वरेने हे काम हाती घेतले जाईल, अशी आम्ही आशा करतो.